सोमवारचा माल

प्रश्न असा आहे: «माझं वय २७. बेळगावातच मेकॅनिकलला बीई केलं. तीन वर्षांत दोन नोकऱ्या गेल्या. आता तिसऱ्या ठिकाणी एका रिजेक्शनचं खापर माझ्यावर फोडून प्रमोशन अडवलंय. रोज गेटपाशी आलं की पाय जड होतात. कामात काही अर्थ आहे असं वाटायला सुरुवात कुठून करायची? आणि पुन्हा उभं कसं राहायचं?»

तुम्ही बेळगावचे आणि विषय रिजेक्शनचा, म्हणून लिहायला बसलो. एरवी उमेद, जिद्द असले शब्द दिसले की मी पुढं सरकतो. आमच्या कॅन्टीनच्या भिंतीवर असं एक पोस्टर होतं, गरुडाचं. त्याच्याखाली आम्ही हेल्मेटं अडकवायचो.

मी येळ्ळूरचा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात आहे, पंचवीसेक वर्षं झाली. फाउंड्रीचं स्वप्न कुणी बघत नाही, मीही बघितलं नव्हतं. आयटीआय झाल्यावर सरकारी भरतीला बसलो आणि कन्नडचा पेपर आडवा आला. एकदा नाही, दोनदा. मराठी शाळेत शिकलेल्या पोराचं कन्नड म्हणजे बसची पाटी वाचण्यापुरतं. शेवटी चुलत्यांनी सायकलच्या कॅरियरवर बसवून उद्यमबागेत आणलं. म्हणाले, «तात्पुरतं लाग.» ते तात्पुरतं अजून संपलेलं नाही. आणि परीक्षेसाठी जे कन्नड दोन वर्षांत आलं नाही, ते मोल्डिंग शॉपमध्ये, म्हणजे वाळूचे साचे करायच्या खात्यात, सहा महिन्यांत आलं. निम्मे मोल्डर गोकाक-बैलहोंगलकडचे. पाठीमागून वितळलेल्या लोखंडाचं लॅडल घेऊन माणूस «सरी, सरी!» असं ओरडत आला की बाजूला व्हायचं, अर्थ नंतर विचारायचा.

आता मुद्द्याचं. २०११ चा पावसाळा. मी तेव्हा मोल्डिंगचा सुपरवायझर होतो, चार वर्षं झाली होती. आम्ही ग्रे आयर्नची एक हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बॉडी ओतायचो, आठ किलोच्या आसपासची. बाहेरून साधी, पण आत तेल जायच्या वाटा. त्या वाटांसाठी साच्यात वाळूचा कोअर बसवतात. लोखंड कोअरच्या भोवतीनं भरतं, गार झाल्यावर कोअर फोडून काढायचा, की आत पोकळी तयार. तुम्हाला हे ठाऊक असणार, पण इथं बाकीचेही वाचतात.

ग्राहकाकडं बॉडी मशीनवर चढली की बोअरमध्ये, म्हणजे आतून कोरलेल्या गोल वाटेत, नको तिथं भोक दिसायचं. जुलैच्या मध्यापर्यंत १८६ नग परत आले. ग्राहकाचा इन्स्पेक्टर बघून गेला आणि म्हणाला, श्रिंकेज. म्हणजे लोखंड गोठताना आकसलं आणि त्याला वरून पुरवठा झाला नाही. म्हणजे रायझर, साच्यात जादा लोखंड पुरवायला ठेवतात तो साठा, चुकला, नाहीतर ओतायचं तापमान चुकलं. दोन्ही माझ्याकडं. मालकांनी चाळीस माणसांदेखत सांगितलं, «उद्यापासून हा फेटलिंगला.» पगारातून महिन्याला अठराशे कमी.

फेटलिंग म्हणजे साच्यातून निघालेल्या मालाला चिकटलेलं जादा लोखंड, रनर-रायझर, तोडायचं आणि ग्राइंडर मारून साफ करायचं. नवा माणूस आणि नको असलेला माणूस, दोघांची जागा तीच.

घरी सांगितलं नाही. मोल्डिंगची वाळू काळी असते, कोळशाच्या भुकटीमुळं. फेटलिंगची धूळ करडी, खरखरीत, भिजवली की बादलीच्या तळाला लोखंडाचा गंज धरते. चौथ्या दिवशी कपडे भिजवता भिजवता बायको एवढंच म्हणाली, «खातं बदललं काय तुमचं?» मी हो म्हटलं. तिनं पुढं विचारलं नाही. त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली. म्हणून तुम्हाला पहिली गोष्ट सांगतो ती ही, की घरात एका तरी माणसाला सांगून टाका. सल्ल्यासाठी नव्हे. लपवायलाच इतकी ताकद जाते की कामाला काही उरत नाही.

तीन आठवडे मी नुसता धुमसत होतो. इन्स्पेक्टरला मनातल्या मनात उत्तरं देत ग्राइंडर मारायचा. मग ते परत आलेले १८६ नग फोडायचं काम माझ्याच वाट्याला आलं. ग्राहकाची अट असते की रिजेक्ट माल फोडूनच भट्टीत टाकायचा, म्हणजे तोच माल रंग मारून परत त्याच्याकडं जायला नको. माझ्याच हाताखाली ओतलेला माल मीच घणानं फोडायचा. मुद्दाम दिलं होतं की सहज आलं, मला आजपर्यंत माहीत नाही.

पहिल्या दिवशी रागानं फोडले. दुसऱ्या दिवशी एका तुकड्यात भोक अर्धं उघडं पडलं आणि मी ते नीट बघितलं. आतून गुळगुळीत, चकचकीत. श्रिंकेजचं भोक असं नसतं. ते आतून ओबडधोबड असतं, फोडलेल्या गुळाच्या ढेपेसारखं रवाळ. आमच्यात बैलहोंगलकडचे एक जुने मोल्डर होते, सगळे त्यांना अज्जा म्हणायचे. चहाला आले तेव्हा तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी करंगळी भोकात घालून फिरवली आणि म्हणाले, «इदु गाळी तूतु.» हे हवेचं भोक. ब्लो होल. लोखंड कमी पडलं नव्हतं, आत वायू अडकला होता.

मग प्रश्न आला, वायू कुठला? आणि रोज का नाही?

प्रत्येक बॉडीवर तारखेचा कोड उठलेला असतो, पॅटर्नवरचे, म्हणजे ज्या नमुन्यानं साचा उठवतात त्याच्यावरचे, आकडे रोज बदलायचे असतात. मोल्डिंगला असताना ते आकडे मीच बदलून घ्यायचो, पण ओतलेल्या मालावर ते कधी वाचले नव्हते. वाचायची वेळच येत नव्हती, माल पुढं जायचा. फेटलिंगला प्रत्येक नग हातातून जातो. मी भिंतीवर खडूनं वारांची नावं लिहिली आणि फोडेल त्या प्रत्येक भोकाच्या नगामागं एक रेघ ओढायला लागलो. चाळीस रेघा झाल्या तेव्हा तेहतीस सोमवारच्या होत्या, पाच मंगळवारच्या.

रविवारी आमची सुट्टी. शनिवारी दुपारी कोअर करायचे, जवसाच्या तेलाचे, ओव्हनमध्ये तांबूस होईपर्यंत भाजायचे आणि रॅकवर लावून जायचं. रॅक पश्चिमेच्या भिंतीला. तिथं वरचा एक पत्रा उचकटलेला. जुलैतला बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. रविवारभर तुषार आत यायचे आणि भाजलेला कोअर खारीसारखी ओल ओढायचा. वरून कोरडाच दिसायचा. सोमवारी त्याच्याभोवती १३५० अंशाच्या पुढचं लोखंड आलं की त्या ओलीची वाफ. पाण्याची वाफ झाली की सोळाशे-सतराशे पट जागा मागते. तिला जायला वाट नाही मिळाली की ती लोखंडातच राहते.

दोन तुकडे घेऊन मालकांकडं गेलो. त्यांनी बघितले, भिंतीवरच्या रेघा येऊन बघितल्या. म्हणाले, «आधी का नाही सांगितलास?» झालं. माफी नाही, शाबासकी नाही. रॅक आतल्या बाजूला सरकला आणि सोमवारी सकाळी कोअर पुन्हा ओव्हनला लावायचे असं ठरलं. मला दिवाळीपर्यंत फेटलिंगलाच ठेवलं. कापलेले पैसे कधी मिळाले नाहीत.

आता इथं कुणीही म्हणेल, बघा, खाली ढकललं म्हणूनच कारण सापडलं, संकट हीच संधी. मला हे पटत नाही. «रिजेक्ट माल भट्टीत जातो आणि नवा होऊन येतो, तसाच माणूस» असंही एका साहेबांनी कामगार दिनाच्या भाषणात ठोकलं होतं. एक टन लोखंड इंडक्शन भट्टीत वितळवायला ६०० युनिटच्या घरात वीज लागते. दुसऱ्यांदा वितळवलं की दुसऱ्यांदा ६००. लोखंड परत मिळतं, वीज नाही, आणि ज्यांनी ते रात्री जागून ओतलं त्यांची झोपही नाही. माझं ते वर्ष वाया गेलं ते गेलंच. मुलीच्या शाळेची फी त्या वर्षी मेहुण्याकडून आणली होती, ती काही संधी नव्हती.

उपयोग झाला तो एवढाच, की माझ्या डोक्यातला प्रश्न बदलला. तीन आठवडे «मलाच का» चाललं होतं, त्याला उत्तर नसतं. «कोणत्या दिवसाचा माल» या प्रश्नाला उत्तर होतं आणि ते हातात धरता येत होतं. तुमच्यावर ज्या रिजेक्शनचं खापर फोडलंय त्याच्याशी तुम्ही अजून भांडताय, पण तो माल फोडून बघितलात काय? कुठल्या तारखेचा, कुठल्या मशीनचा, तुमच्या आधी कुणाच्या हातात होता, तुमच्या नंतर कुणाच्या? निर्दोष सुटायला हे करू नका. मी केलं तेव्हा सुटलो नाही, उलट माझा वाटाही सापडला. तो उचकटलेला पत्रा मी दोन वर्षं बघत होतो. रोज त्याच्या खालून जात होतो. मेंटेनन्सला सांगायचं राहून जायचं. इन्स्पेक्टरनं चूक चुकीची ठरवली, पण माणूस अगदीच चुकीचा धरला नव्हता. हे स्वतःशी कबूल केलं त्या दिवसापासून मी मालकांच्या केबिनवरून मान वर करून जायला लागलो. उलटं व्हायला हवं होतं, पण तसं झालं खरं.

पण प्रत्येक ठिकाणी टिकून राहायचं नसतं, हेही ऐका. मध्ये एकदा जास्त पगारासाठी दुसरीकडं गेलो होतो. तिथं पावसाळ्यात भंगार उघड्यावर. ओलं भंगार वितळलेल्या लोखंडात पडलं की स्फोट होतो, भट्टी उसळते. शॉपमध्ये सहा महिने काढलेला पोरगाही हे जाणतो. मी म्हटलं आधी वाळवू, तर उत्तर आलं, वेळ नाही, टाक. आठव्या दिवशी मी गेटबाहेर. घरचे वैतागले. त्याला कुणी चिकाटी कमी म्हटलं तर म्हणू दे. जिथं कारण शोधलेलं चालत नाही किंवा अंगावर बेततं, तिथं सोसत राहण्याला आमच्याकडं लाचारी म्हणतात.

२०१९ मात्र वेगळं होतं. गाड्यांचा धंदा बसला, ऑर्डरी आटल्या. बेळगावच्या फाउंड्र्या गाड्यांच्या आणि पंपांच्या जिवावर चालतात, तिकडं शिंक आली की इकडं ताप. आठवड्यातले तीन दिवस भट्टी बंद, मग चार, आणि दसऱ्यानंतर आम्हा अकरा जणांना थांबवलं. इथं फोडायला काही नव्हतं. रेघा कुठल्या वाराला ओढणार? चूक माझी नव्हती हे स्वच्छ दिसत होतं आणि त्यानं काडीचाही दिलासा मिळत नव्हता. खरं सांगतो, चूक आपली असली की बरं असतं, निदान दुरुस्त करता येते.

तेव्हा मला माहीत नव्हतं म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर नोकरी गेल्यावर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून थोडे पैसे मिळू शकतात. २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा सरासरी मजुरीच्या २५ टक्के होते, २०२० मध्ये ५० टक्के केले, ९० दिवसांपर्यंत. तुमचा पगार त्यात बसतो काय, आज नियम काय आहेत, हे नोकरी असतानाच विचारून ठेवा. उमेदीचं नंतर बघू, आधी किराण्याचं.

मी मावसभावाच्या टेम्पोवर गेलो. रात्री मार्केटातनं भाजी भरायची, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटातून पहाटे गोव्यात. कोबी, ढबू मिरची, मटार. गोव्यात बेळगावची भाजी गेली नाही तर तिथल्या बायका काय करतील देव जाणे. त्यात अर्थ होता काय? मी शोधला नाही. घाटात धुकं असलं की पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून जायचं आणि घरी आल्यावर पैसे बायकोच्या हातात द्यायचे. सहा-सात महिने एवढंच. आज तुम्ही विचारताय की कामात अर्थ कसा शोधायचा, तर काही काळ न शोधलेलाही चालतो, हे मला त्या टेम्पोत कळलं. पगार घरी नेणं हा काही कमी हेतू नाही. आमच्या आईबापांनी जन्मभर दुसरा कुठला धरला होता?

मग मार्च २०२० चं लॉकडाउन. मे महिन्यात ओडिशा-बिहारचे कामगार श्रमिक रेल्वेनं गावाला गेले. मोल्डिंग, पोअरिंग, फेटलिंग, सगळ्याचा कणा तेच होते. भट्ट्या सुरू करायच्या तर माणूस नाही. जूनमध्ये मला फोन आला, दुसऱ्या एका फाउंड्रीतून. गेलो तर समोर वीस-बावीस पोरं उभी. देसूर, सुळगा, किणये, आमच्या येळ्ळूरची. कुणी पुण्यातून परत आलेला, कुणी गोव्यातल्या हॉटेलातून. एकानंही आयुष्यात साचा बघितलेला नव्हता. मालक म्हणाले, यांना पंधरा दिवसांत तयार कर.

मी त्यांना पहिल्या दिवशी मूठ शिकवली. मलरमधून, म्हणजे वाळू मळायच्या मिक्सरमधून, वाळू निघाली की मुठीत घट्ट आवळायची आणि मूठ उघडायची. बोटांचे ठसे उठले पाहिजेत आणि हाताला वाळू चिकटता कामा नये. मग तो गोळा मधोमध मोडायचा. कडा स्वच्छ तुटली तर ओल बरोबर. भुगा झाला तर पाणी कमी किंवा बेंटोनाइट, म्हणजे वाळू धरून ठेवणारी माती, नीट मळलेली नाही. हाताला काळं पाणी लागलं तर त्या वाळूत ओतायचं नाही, कुणी कितीही ओरडू दे. लॅबमध्ये मॉइश्चर मीटर असतो, तीन ते चार टक्के दाखवतो, पण मीटर दोन तासांनी एकदा लागतो आणि मूठ साच्याच्या प्रत्येक बॉक्सला. अज्जांनी मला हे शब्दानंही शिकवलं नव्हतं. माझी मूठ स्वतःच्या मुठीत धरून आवळली होती, एवढंच.

त्या पोरांत एक तुमच्यासारखा बीई झालेला होता. पुण्यातली नोकरी गेलेली. तिसऱ्या दिवशी फावडं ठेवून मला म्हणाला, «काका, एवढं शिकून हेच करायचं काय?» मला काही सुचलं नाही. म्हटलं, मूठ दाखव. त्यानं दाखवली, मोडली, कडा ढासळली. मग म्हणाला, «बेंटोनाइट कमी पडलंय काय?» मी बघायला लावलं. मिक्सरवाल्यानं खरंच एक घमेलं कमी टाकलं होतं. त्या दिवशी तो जेवायच्या सुट्टीत त्या गोळ्याशीच खेळत बसला होता. पुढच्या वर्षी परत पुण्याला गेला, आता चांगल्या जागी आहे. मधून फोन करतो. फाउंड्रीत राहिला नाही याचं मला वाईट वाटत नाही.

मला विचाराल तर माझा अर्थ तिथं सापडला, त्रेचाळिसाव्या वर्षी, मास्क लावून वीस पोरांच्या मुठी तपासताना. आपल्याला येतं ते कुणालातरी हवंय, आणि आपण नसतो तर त्याचं अडलं असतं. याहून मोठं काही मिळालेलं नाही. आणि हे सत्ताविसाव्या वर्षी मिळालं असतं असंही वाटत नाही, कारण तेव्हा माझ्याकडं देण्यासारखं काही नव्हतंच. तुम्ही ज्या तीन ठिकाणी ठेचकाळलात तिथलं काय काय तुम्हाला आता डोळे मिटून येतं, ते एकदा मोजून बघा. बीईच्या पुस्तकात नसलेलं तेवढंच मोजायचं.

एक गोष्ट मात्र गमतीत नाही. पाय जड होणं एक, आणि झोप पार उडणं, जेवण न जाणं, जगण्यात काही राम नाही असं सारखं डोक्यात येणं वेगळं. तसं काही असेल तर फाउंड्रीवाल्याचं उत्तर वाचत बसू नका. १४४१६ हा टेली मानस या मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट. आमच्या एका पोअररला, लोखंड ओतणाऱ्या माणसाला, आम्ही धारवाडच्या डिमहान्सला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी इस्पितळात, नेलं होतं. तो आज माझ्याबरोबर डबा खातो, आणि माझ्या डब्यातलं लोणचं संपवतो.

आज रविवार. संध्याकाळपासून पत्र्यावर पाऊस वाजतोय आणि मी सिक्युरिटीला दोनदा फोन करून कोअरचा रॅक झाकलाय काय विचारलं. दुसऱ्यांदा तो वैतागला. उद्या सहाला ओव्हन लावायचा आहे, तेव्हा इथं थांबतो. तुमचा तो माल कोणत्या दिवसाचा होता, तेवढं बघून मला कळवा.